ओपन सोर्स फर्मवेअर शिकायचंय? आधी परतीच्या वाटेचे पैसे मोजा

लॅपटॉपचं बटण दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स समोर येईपर्यंत काही सेकंद जातात. त्या सेकंदांत काम करणारा प्रोग्राम हार्डडिस्कवर नसतो. तो मदरबोर्डवरच्या आठ पायांच्या एका चिपमध्ये असतो. रॅम जागी करायची, कीबोर्ड आणि स्क्रीन ओळखायचे, मग ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती कारभार सोपवायचा, हे त्याचं काम. हे फर्मवेअर. दुरुस्तीच्या दुकानांत त्याला अजूनही सरसकट बायोस म्हणतात.

बहुतेक कंपन्या हा कोड कुणाला दाखवत नाहीत. मशिन तुमचं, पैसे तुम्ही मोजलेले, पण त्यात सगळ्यात आधी काय चालतं ते वाचायची सोय नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी लिनक्सबायोस नावाचा प्रकल्प सुरू केला, तो संगणकांच्या मोठ्या क्लस्टरमध्ये बंद बायोस आडवा येत होता म्हणून. २००८ मध्ये त्याचं नाव कोअरबूट झालं. आज गूगलची क्रोमबुकं कोअरबूटवरच सुरू होतात. राउटरसाठी ओपनडब्ल्यूआरटी आहे, छोट्या बोर्डांसाठी यूबूट आणि झेफिर आहेत, यूईएफआय या नव्या फर्मवेअर मानकाच्या जगात ईडीके-टू आहे. या सगळ्यांचा कोड खुला आहे आणि नव्या माणसांची गरज प्रत्येकाला आहे.

तरी नवी माणसं कमी येतात. इंजिनिअरिंगच्या मुलांशी बोललं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणता बोर्ड घेऊ? आणि दुसरा, जरा खालच्या आवाजात : तो बिघडला तर? माझ्या मते दुसरा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे. या क्षेत्रात वस्तू फारशा महाग नाहीत. चूक महाग पडते. चुकीचं फर्मवेअर चढलं की मशिन सुरूच होत नाही आणि घरात एकच लॅपटॉप असेल तर पोरगं पुन्हा त्या वाटेला जात नाही. म्हणून खर्चाचा क्रम उलटा लावा. बोर्ड नंतर घ्या. बिघडलेला बोर्ड पुन्हा उठवण्याचं साधन आधी घ्या. त्याहीआधी, जिथे बिघडण्यासारखं काहीच नाही तिथे हात बसवून घ्या.

पुढच्या किमती अंदाजाच्या आहेत. दुकान, महिना आणि डॉलरचा भाव यांनुसार त्या मागेपुढे होतील, पण कुठली गोष्ट शेकड्यात आणि कुठली हजारांत, हे बदलणार नाही.

पहिले काही महिने : शून्य रुपये

क्यूईमू हा फुकट प्रोग्राम तुमच्या संगणकाच्या आत दुसरा, नकली संगणक उभा करतो. कोअरबूटचा कोड उतरवून कुठलीही निवड न बदलता बांधला, तर तो याच नकली मशिनसाठी बांधला जातो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी काहीही विकत घ्यावं लागू नये म्हणून प्रकल्पानंच ही सोय ठेवली आहे. बांधलेली फाइल क्यूईमूला दिली की स्क्रीनवर एकामागून एक ओळी पळू लागतात : बूटब्लॉक, रोमस्टेज, रॅमस्टेज, मग पेलोड. प्रोसेसर जागा झाल्यावर पहिली सूचना ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट खालून उचलतो, हे पुस्तकात वाचलेलं असतं. इथे ते कोडमध्ये बोट ठेवून दाखवता येतं. एखादी ओळ बदला, पुन्हा बांधा, पुन्हा चालवा. बिघडलं तर खिडकी बंद करायची.

यूबूटचा सँडबॉक्स तर त्याहून सोपा. तो लिनक्सवरचा साधा प्रोग्राम म्हणूनच चालतो, नकली मशिनचीही गरज नाही. झेफिरमध्येही असाच प्रकार आहे. ईडीके-टू शिकायचं असेल तर ओव्हीएमएफ नावाची त्याची बांधणी क्यूईमूवर चालते.

यासाठी लागणारा संगणक बहुतेकांच्या घरात असतो. चार कोअर आणि ८ जीबी रॅम असेल तर काम आरामात होतं. ४ जीबीवरही होतं, पण संयम लागतो. डिस्कवर वीस-पंचवीस जीबी जागा मोकळी ठेवा. लिनक्स सोयीचं. विंडोजवरच राहायचं असेल तर डब्ल्यूएसएलमधून या टप्प्यापुरतं काम भागतं.

शून्य रुपये म्हटलं तरी इथे दोन खर्च लपलेले आहेत. पहिला डेटाचा. हॉस्टेलवरच्या मुलाकडे बहुधा दिवसाला दीड किंवा दोन जीबीचा मोबाइल प्लॅन असतो. कोअरबूटचा पूर्ण इतिहास आणि सोबतचे जोडप्रकल्प उतरवायला गेलात, तर एका दिवसाचा डेटा त्यातच संपू शकतो. शिवाय गिटनं सुरू केलेलं क्लोन मध्येच तुटलं की ते जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून उतरवावं लागतं. यावर दोन उपाय. क्लोन करताना फक्त शेवटची नोंद मागा, म्हणजे इतिहास सोडून कोड येतो. किंवा प्रकल्पानं प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीची गठ्ठा फाइल उतरवा. ती तुटली तरी उरलेला भाग नंतर आणता येतो. कॉलेजच्या वायफायवर एकानं उतरवून पेनड्राइव्हवरून दहा जणांना द्यायलाही काही हरकत नाही. कोड खुला आहे आणि परवाना वाटपाला मोकळीक देतो.

दुसरा खर्च वेळेचा. कोअरबूट स्वतःचा कंपायलर स्वतः बांधून घेतो. चांगल्या मशिनवर त्याला अर्धा तास लागेल, जुन्या दोन कोअरच्या लॅपटॉपवर दुपार जाईल. पुष्कळ नवखे इथेच वैतागून थांबतात. त्यांना वाटतं आपलंच काही चुकतंय. तसं नसतं. डॉकर येत असेल तर प्रकल्पानं तयार कंपायलरसकट कंटेनर ठेवला आहे, तो घ्या आणि बांधणीची ही पायरी ओलांडा.

क्यूईमूची मर्यादाही सांगायला हवी. खऱ्या मशिनवर फर्मवेअरचं सगळ्यात अवघड काम म्हणजे रॅमची जुळणी. प्रत्येक पट्टीच्या वेळा मोजून, बसवून घ्यावं लागतं. नकली मशिनमध्ये रॅम पहिल्या क्षणापासून तयारच असते. बोर्डवरच्या वीजजोडण्या, कीबोर्ड-बॅटरी सांभाळणारा छोटा कंट्रोलर, यांतलं क्यूईमूवर काहीच भेटत नाही. पण या गोष्टींची ओढ लागेपर्यंत खिशात हात घालू नका.

हजार-बाराशे रुपयांची पिशवी

आता परतीची वाट. फर्मवेअरची चिप बाहेरून वाचता आणि लिहिता आली की मशिन सुरू होवो न होवो, तुम्ही ते पूर्ववत करू शकता. त्यासाठी प्रोग्रामर, चिपवर बसणारी क्लिप आणि फ्लॅशरॉम हे फुकट सॉफ्टवेअर एवढंच लागतं. फ्लॅशरॉमचा जन्मही कोअरबूटच्याच घरातला.

सगळ्यात स्वस्त प्रोग्रामर म्हणजे सीएच३४१ए. सुटा घेतला तर अडीचशे ते चारशे रुपये. क्लिप आणि १.८ व्होल्टचा अडॅप्टर यांच्यासह संच घेतला तर सहाशे ते नऊशे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विचारलंत तर ‘बायोस प्रोग्रामर’ एवढ्या नावावर तो मिळावा. घेताना एक गोष्ट पाहा. त्याच्या काळ्या रंगाच्या प्रचलित आवृत्तीत चिपला वीज ३.३ व्होल्टची मिळते, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. जुन्या लॅपटॉपच्या चिपा बहुधा ३.३ व्होल्टच्या असतात. अनेकांच्या चिपा हे सोसतात, पण चिपच नाही तर तिला जोडलेला चिपसेटही त्या तारांवर असतो, आणि तो जुगार दहा हजारांच्या मशिनवर कशाला खेळायचा? व्होल्टेज निवडायची सोय असलेली सुधारित आवृत्ती मिळते, ती घ्या. आणि साडेतीनशे-चारशेचा मल्टिमीटर घेऊन डेटाच्या पायावर खरोखर किती व्होल्ट येतात ते स्वतः मोजा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

मी तर नवख्याला रास्पबेरी पाय पिको घ्यायला सांगेन. २०२१ मध्ये तो ४ डॉलरला बाजारात आला. आपल्याकडे साडेतीनशे ते साडेचारशेला मिळतो. त्याच्या पायांवर मुळातच ३.३ व्होल्ट असतात. त्यावर सर्प्रॉग नावाचं खुलं फर्मवेअर चढवलं की फ्लॅशरॉम त्याला प्रोग्रामर म्हणून ओळखतो. दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो : हे काम संपलं की तोच पिको मायक्रोकंट्रोलरचं फर्मवेअर शिकायला कामी येतो आणि त्याची बूटरॉम पुसली जात नाही, त्यामुळे तो कितीही बिघडवला तरी यूएसबीवरून पुन्हा उठतो. चारशे रुपयांत प्रोग्रामरही आला आणि न मरणारा बोर्डही.

क्लिपवर मात्र कंजूषी नको. दीड-दोनशेच्या क्लिपा दोन-चारदा लावल्यावर सैल होतात आणि मग दर वाचनाला वेगळंच उत्तर देतात. पोमोना कंपनीची ५२५० क्लिप टिकाऊ म्हणून नावाजलेली आहे, पण ती परदेशातून मागवायची तर हजारावर जाते. मधला मार्ग असा : स्वस्त क्लिप घ्या, पण दोन घ्या.

याशिवाय यूएसबी-सीरियल अडॅप्टर सव्वाशे ते तीनशे रुपयांत, तोही ३.३ व्होल्टवर चालणारा. राउटर किंवा छोटा बोर्ड सुरू होताना काय बोलतो ते याच्याशिवाय ऐकू येत नाही. जोडतारांचा गुच्छ शंभराच्या आत.

आणि एक वस्तू, जी यादीत कुणी लिहीत नाही : सुटी फ्लॅश चिप. विनबाँडची २५क्यू६४ शंभर रुपयांच्या आसपास मिळते. नावातला ६४ हा आकडा मेगाबिटचा, म्हणजे जागा ८ एमबी. इथे घोटाळा होऊन चुकीची चिप घरी येते. लॅपटॉपला हात लावायच्या आधी या सुट्या चिपवर वाचा, पुसा, लिहा, पडताळा. क्लिपची लाल तार चिपवरच्या ठिपक्याकडे, म्हणजे पहिल्या पायाकडे येते, हे बोटांना पाठ होऊ द्या. चूक झालीच तर शंभर रुपयांची.

लॉजिक अ‍ॅनालायझर, ऑसिलोस्कोप, चिपची नक्कल करणारे एम्युलेटर यांची नावं अनुभवी लोकांच्या बोलण्यात येतात. आठ चॅनेलचा स्वस्त अ‍ॅनालायझर सहाशे ते हजारात मिळतो आणि सिगरॉक या खुल्या सॉफ्टवेअरवर चालतो. हौस असेल तर घ्या. डेडिप्रॉगसारख्या कंपनीचा चिप एम्युलेटर शेकडो डॉलरचा आहे. पगार सुरू होईपर्यंत त्याचा विचारही करू नका.

मशिन : नवं नको, जुनंच हवं

इथे खर्च हजारांत जातो, म्हणून जरा थांबून वाचा. घरातल्या नव्या लॅपटॉपवर कोअरबूट चढवू असा बेत असेल तर तो सोडा. इंटेलनं २०१३ च्या सुमारास, चौथ्या पिढीच्या प्रोसेसरांबरोबर, बूट गार्ड आणलं. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीनं ते कुलूप कारखान्यातच लावलं असेल तर तिच्या सहीशिवायचं फर्मवेअर प्रोसेसर चालवतच नाही. कितीही पैसे दिले तरी ते कुलूप नवख्याला सहसा उघडता येत नाही. वॉरंटी जाते ती वेगळीच.

म्हणून जगभरच्या शिकाऊंच्या हातात जुने थिंकपॅड दिसतात. २०१२ चा एक्स२३० हे त्यातलं सगळ्यात जास्त वाट मळलेलं मशिन. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, म्हणजे बूट गार्डच्या आधीचा. रॅमच्या जुळणीचा कोडसुद्धा कोअरबूटच्या लोकांनी स्वतः लिहिलेला आणि खुला, त्यामुळे फर्मवेअरचं सगळ्यात अवघड प्रकरण तुम्हाला वाचायला मिळतं. त्यात दोन चिपा आहेत, ८ एमबी आणि ४ एमबी, आणि कीबोर्ड-पामरेस्ट काढला की दोन्ही दिसतात. बायोसचा कोड ४ एमबीच्या चिपमध्ये असतो. नवख्यानं फक्त तिलाच हात लावावा. इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन ज्या ८ एमबीच्या चिपमध्ये आहे ती तशीच ठेवावी.

कंपन्यांतून निघालेले असे रिफर्बिश्ड लॅपटॉप लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड इथे आणि ऑनलाइन सात ते बारा हजारांत मिळतात. बॅटरी नवी, एसएसडी मोठी म्हणून किंमत वाढवत असतील तर नको म्हणा. तुम्हाला मदरबोर्ड हवाय. विकणाऱ्यासमोरच मशिन सुरू करून बायोस सेटअपमध्ये शिरा. तिथे सुपरव्हायझर पासवर्ड मागितला तर ते मशिन सोडा. मूळ बायोस ठरावीक वायफाय कार्डंच स्वीकारतो. कोअरबूट चढल्यावर ती अट जाते आणि चांगलं कार्ड बसवता येतं. बॅटरीची अट मात्र जात नाही, कारण ती वेगळ्या कंट्रोलरमध्ये आहे.

दहा हजार नसतील तर? मग लॅपटॉपचा नाद सोडून राउटर घ्या. जुना राउटर पाचशे ते दीड हजारात मिळतो आणि ओपनडब्ल्यूआरटी हे फर्मवेअरच्या दुनियेतलं सगळ्यात गजबजलेलं गाव आहे. घेण्याआधी तीन गोष्टी जुळवा : मॉडेलचं नाव, तळाच्या स्टिकरवरचा हार्डवेअर वर्शन आणि फ्लॅश-रॅमचे आकडे. एकाच नावाच्या राउटरच्या दोन वर्शनमध्ये चिपच वेगळी असू शकते. एकावर ओपनडब्ल्यूआरटी चालतं, दुसऱ्यावर नाही. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमच्या खाली घेऊ नका. पूर्ण कोड बांधायचाही सुरुवातीला हट्ट नको. इमेज बिल्डर नावाच्या तयार साधनानं थोड्या डेटात काम होतं. ओपनडब्ल्यूआरटीच्या लोकांनी २०२४ मध्ये स्वतःचा राउटर बाजारात आणला, ओपनडब्ल्यूआरटी वन. तेव्हा किंमत ८९ डॉलर होती, त्यातले १० डॉलर सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्वन्सी या संस्थेला जात. त्यात दोन वेगळ्या फ्लॅश चिपा दिल्या आहेत, एक बिघडली तर दुसरीवरून उठता यावं म्हणून. परतीची वाट कारखान्यातूनच मिळते. आपल्याकडे मागवायचा तर वाहतूक आणि आयात शुल्क मिळवून ही रक्कम बरीच फुगते, म्हणून पाच-सहा जणांत एक घेतला तरच परवडेल.

तिसरा पर्याय छोट्या बोर्डांचा. यूबूट शिकायला ऑलविनर चिपचा बोर्ड घ्या, अडीच ते चार हजारांत. त्याची बूटरॉम आधी एसडी कार्डवर कोड शोधते आणि काहीच सापडलं नाही तर यूएसबीवरून कोड स्वीकारते. म्हणजे चूक झाली की कार्ड काढायचं, पुन्हा लिहायचं, पुन्हा घालायचं. क्लिप नको, स्क्रूड्रायव्हर नको. रास्पबेरी पायवरही यूबूट चालतं, पण त्याचा पहिला टप्पा ब्रॉडकॉमच्या बंद कोडचा आहे; तळापर्यंत उतरून वाचायचं असेल तर ते खुपतं.

दुकानातल्या दादांची मदत

आपल्या प्रत्येक मोठ्या गावात ‘चिपलेव्हल रिपेअरिंग’ची पाटी लावलेलं लॅपटॉपचं दुकान असतं. तिथे बसलेला माणूस रोज बायोसच्या चिपा काढतो, नव्या प्रोग्राम करून बसवतो. त्याच्याकडे हॉट एअर गन असते, चांगला प्रोग्रामर असतो आणि हात बसलेला असतो. पाचशे ते दीड हजारात तो मेलेला बोर्ड उठवून देतो. घरगुती क्लिपनं वाचन जमत नसेल तर मशिन वाया गेलं असं समजण्याआधी त्याच्याकडे जा, आणि स्वतःची मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जा, म्हणजे तो कुठून तरी उतरवलेली फाइल घालणार नाही. त्याच्याकडे दोन-तीन संध्याकाळी शेजारी बसून पाहू दिलं तर कुठल्याही महागड्या वर्कशॉपपेक्षा जास्त शिकाल. ही माणसं ओपन सोर्सच्या चर्चेत कधी दिसत नाहीत. चिपशी त्यांच्याइतका रोजचा संबंध असलेला माणूस कॉलेजात सापडणं कठीण.

शिकवणीवर किती घालवावं?

पुण्यात एम्बेडेडच्या क्लासच्या जाहिराती भरपूर आहेत. सी-डॅकचा सहा महिन्यांचा एम्बेडेड पदविका अभ्यासक्रम नोकरीच्या दृष्टीनं मान्यताप्राप्त आहे, फी लाखाच्या घरात. नोकरी हवी असेल तर तो हिशेब वेगळा. ओपन सोर्स फर्मवेअरमध्ये पहिला पॅच, म्हणजे कोडमधला पहिला बदल, पाठवायला मात्र त्याची अट नाही. तिथे प्रमाणपत्र कुणी विचारत नाही, कोड वाचतात.

फुकट साधनं पुरेशी आहेत. ओपन सिक्युरिटी ट्रेनिंग टू या संस्थेचे कोअरबूट आणि यूईएफआयवरचे अभ्यासक्रम विनामूल्य आहेत आणि नीट रचलेले आहेत. झिमर, सन, जोन्स आणि राइनाउअर यांचं ‘एम्बेडेड फर्मवेअर सोल्युशन्स’ हे २०१५ चं एप्रेसचं पुस्तक मुक्त आहे, पीडीएफ उतरवून घ्या. सी भाषा आणि लिनक्स कच्चं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात दोन्हींचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. फर्मवेअरचं मराठीत अजून फारसं काही नाही. मात्र सीमधले पॉइंटर आईच्या भाषेत एकदा पक्के झाले तर पुढचं इंग्रजी वाचताना अर्धी अडचण संपते.

एक खर्च पैशानं भागत नाही. नव्या चिपांची सविस्तर कागदपत्रं कंपन्या गुप्ततेचा करार केल्याशिवाय देत नाहीत आणि विद्यार्थ्याशी असा करार कुणी करत नाही. इंटेलच्या नव्या चिपांसाठी रॅम जुळवणारा भाग बंद फाइलच्या रूपात मिळतो. एएमडीनं २०२३ मध्ये ओपनसिल जाहीर करून खुलेपणाकडे पाऊल टाकलं, पण जुन्या मशिनकडे नवख्यांना पाठवावं लागतं त्याचं हा बंदिस्तपणा हेही एक कारण आहे. जे वाचता येतं त्यावरच शिकता येतं.

पहिला पॅच

पॅच पाठवायला पैसे लागत नाहीत. कोअरबूटचा कोड गेरिट नावाच्या व्यवस्थेतून तपासला जातो. खातं उघडा, किल्ली जोडा, आणि प्रत्येक नोंदीखाली हा कोड देण्याचा मला अधिकार आहे असं सांगणारी सहीची ओळ घाला. तुम्ही पॅच टाकला की प्रकल्पाचं मशिन तो आपोआप सगळ्या बोर्डांसाठी बांधून पाहतं. तुमच्याकडे एकही बोर्ड नसला तरी तुमच्या बदलानं काही मोडलं का, हे तुम्हाला कळतं. नव्या माणसाचे इतके पैसे वाचवणारी दुसरी सोय मला माहीत नाही.

किरकोळ नसलेला पॅच किमान २४ तास इतरांना पाहता यावा असा तिथला संकेत आहे. प्रत्यक्षात आठवडेही जातात, कारण तपासणारे लोक मोजके आहेत. उत्तर आलं नाही म्हणजे कोड वाईट आहे, असं धरू नका. नम्रपणे पुन्हा विचारा. सुरुवातीला कागदपत्रातली चुकलेली पायरी दुरुस्त करा. तुम्ही नुकतेच जिथे अडखळलात ती जागा जुन्या लोकांना दिसतच नाही; ती फक्त तुम्हालाच दिसते, तीही पहिले काही आठवडेच. अडखळलात की लगेच लिहून ठेवा.

थोडी ओळख झाली की या कामाचे पैसेही मिळू शकतात. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून त्यात फक्त विद्यार्थीच हवेत ही अट उरली नाही. कोअरबूट त्यात अनेक वर्षं सहभागी झाला आहे. समर ऑफ कोडचं मानधन देशागणिक बदलतं. आउटरीची हा असाच दुसरा कार्यक्रम देशानुसार फरक करत नाही, ७,००० डॉलर देतो. दोन्हीकडे आधी केलेलं छोटं काम पाहिलं जातं, त्यामुळे अर्जाच्या आदल्या आठवड्यात जागं होऊन उपयोग नाही.

कॉलेजनं केलं तर

वरचा सगळा खर्च एकट्यानं उचलायची खरं तर गरज नाही. दोन पिको, एक सुधारित सीएच३४१ए, चार क्लिपा, दोन सीरियल अडॅप्टर, मल्टिमीटर, डझनभर सुट्या चिपा, दोन जुने राउटर आणि एक एक्स२३०, हे सगळं वीस हजारांच्या आत बसतं. एवढ्यात पन्नास-साठ मुलांची दोन-तीन वर्षं निघतात. अनेक विभागांत वर्षाअखेर एवढी रक्कम खर्चायची राहून जाते, हे तिथल्या शिक्षकांना ठाऊक असतं. मागणी लेखी करा, वस्तूंची नावं आणि अंदाजपत्रक जोडून. ‘ओपन सोर्स लॅब’ असं मोघम लिहिलंत तर कागद फिरत राहील.

सामान ग्रंथालयाच्या पुस्तकासारखं नोंदवहीत लिहून घरी नेऊ द्या, आठवड्याच्या मुदतीनं. कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या प्रोग्रामरचा कुणालाही उपयोग नाही. लॅपटॉपवर पहिल्यांदा क्लिप लावणाऱ्याबरोबर आधी हे केलेला एक जण बसलाच पाहिजे, एवढी एकच सक्ती असावी. बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढायचे, चिप दोनदा वाचायची, दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आल्या तरच पुढे जायचं. नाही आल्या तर क्लिप पुन्हा बसवायची. ही मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवायची आणि तिच्या नावात त्या मशिनचा सीरियल नंबर घालायचा. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांच्या फाइली सारख्या नसतात. नेटवर्कचा मॅक अ‍ॅड्रेसही त्यातच असतो, म्हणून एकाची फाइल दुसऱ्यात कधी चढवायची नाही.